ओव्हर घेताना विचारलेल्या घरच्या गोष्टी

ताई,

बांगलादेशातल्या रोहिंग्या छावणीत नर्स म्हणून काम करतानाच्या आमच्या गप्पांवर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंत, "तिथे लेकरं घटसर्पाने गुदमरत होती आणि तुम्ही नर्सेस कुणाचं लग्न ठरलं, कुणाची सासू आजारी, हेच बोलत होतात? आणि वर मैत्रिणींच्या घरचं सगळं इथे चव्हाट्यावर मांडलंत." सिव्हिलमध्ये मेट्रन होतात म्हणता, म्हणजे हे उगीच लिहिलेलं नाही.

दुसरा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. एकीच्या मोडलेल्या साखरपुड्याबद्दल मी तिला न विचारता लिहिलं. नाव नव्हतं, पण टीममधल्या कुणीही ओळखलं असतं. ती दोन वाक्यं काढून टाकली आणि तिची माफीही मागितली.

पहिला मुद्दा मात्र मला पटत नाही.

25 ऑगस्ट 2017 नंतर थोड्याच महिन्यांत म्यानमारमधून पळालेले 7 लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बाजारकडे आले. बहुतेकांना कधी लस मिळालेली नव्हती, त्यामुळे नोव्हेंबरपासून घटसर्प पसरला. मिरजेला शिकताना तो मी फक्त पुस्तकात वाचला होता. त्यावरचं अँटिटॉक्सिन, म्हणजे त्या जंतूंच्या विषावरचा उतारा, घोड्याच्या रक्तातून करतात आणि जगभर त्याचा तुटवडा. आधी थोडं टोचून ॲलर्जी बघायची, मग सलाईनमधून हळूहळू सोडायचं. तेवढा वेळ नर्सने पोराजवळून हलायचं नाही. अंगावर गांधी उठतात का, श्वासाला घरघर लागते का, नाडी कशी आहे, यावर डोळा. ॲलर्जी उसळली तर द्यायचं ॲड्रेनलिन हाताशी. तिथे नर्सचं मन दुसरीकडे असून चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार!

माझ्याबरोबर फिलिपिन्सच्या मिंडानाओ बेटावरची एक नर्स होती. मला 'आते' म्हणायची. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसं म्हणतात. मला आपलं उगीच आत्या झाल्यासारखं वाटायचं. 22 डिसेंबरला त्यांच्याकडे वादळ धडकलं, पुरात आणि दरडींखाली 200हून जास्त माणसं गेली. तिचं गाव नेमकं त्याच भागात. दुसऱ्या दिवशी ती ड्युटीवर आली, ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंट समजून घेतले, चेहऱ्यावर काही नाही. पण तिचं घर नदीकाठी आहे, आई गुडघ्यांनी अधू आहे, हे मला माहीत होतं. कसं माहीत होतं? तुम्ही ज्याला गप्पा म्हणता ना, त्यातूनच.

हात धुताना विचारलं, "फोन लागला?" तिने नुसती मान हलवली. तिच्या वाट्याला अँटिटॉक्सिन चालू असलेली एक चार वर्षांची मुलगी होती. मी म्हटलं, हिच्याजवळ मी बसते, तू बरी झालेल्यांची बाजू बघ. ती भांडली नाही. एरवी भांडली असती.

तासाभराने त्या मुलीच्या पोटावर गांधी उठायला लागल्या. आधी दोन, मग बघता बघता मानेपर्यंत. सलाईन लगेच बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली. मुलगी वाचली. माझ्या जागी ती असती तर तिलाही दिसलं असतंच कदाचित. पण त्या दिवशी मला त्या 'कदाचित'वर बसायचं नव्हतं.

भावाचा मेसेज संध्याकाळी आला. सगळे एका शाळेत होते, घरात कंबरभर गाळ. ती ताडपत्रीमागे जाऊन रडली आणि येताना माझ्यासाठी चहा घेऊन आली.

वॉर्डात घरचं बोलायचं नाही, ही तुमची शिस्त आम्हालाही होती. पेशंटसमोर आम्ही बोलत नव्हतोच. पण त्या मुलीची आजीच रोज मला खुणेने विचारायची, मुलं किती? चितगावची सिस्टर दुभाषी. मी काय तोंड फिरवायचं?

तुमची प्रतिक्रिया मी त्या फिलिपिनो मैत्रिणीला इंग्रजीत करून पाठवली. तिचं उत्तर सकाळी आलं. रागावलेली नाही. विचारतेय, या मेट्रनबाईंच्या घरी कोण कोण असतं?

काय कळवू तिला?