कॅब सिम्युलेटरविषयी फिरणाऱ्या संदेशाचा प्रतिवाद

नाशिकमधील गिटारवादकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक संदेश फिरत आहे. त्याचा आशय असा: घरी गिटार रेकॉर्ड करायची तर स्वतंत्र हार्डवेअर कॅब सिम्युलेटरला (स्पीकर आणि त्याच्या कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल करणाऱ्या पेटीला) पर्याय नाही, संगणकातील आयआर (स्पीकरच्या आवाजाची नोंद असलेली फाइल) म्हणजे स्पीकरचा निर्जीव फोटो, आयआर जितकी लांब तितका आवाज खरा, प्लगइनमधून (संगणकावरील ध्वनी-सॉफ्टवेअरमधून) वाजवले की आवाज उशिरा येतो, आणि ही पेटी घेतली की अॅम्पचा स्पीकर सोडवून तीच वायर पेटीत लावावी. गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत फ्लॅटमध्ये राहून वाजवणारी मुले यावर विसंबून खरेदीला निघत आहेत, म्हणून हे लिहीत आहे.

कॅब सिम्युलेशनची गरज खरी आहे, हे आधी मान्य करतो. गिटारच्या स्पीकरचा प्रतिसाद साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि डिस्टॉर्शनमधला कर्कशपणा त्यामुळेच गाळला जातो. तो टप्पा वगळून सिग्नल थेट इंटरफेसमध्ये (गिटार संगणकाला जोडणाऱ्या यंत्रात) घेतला तर कानाला टोचणारी भुणभुण तेवढी उरते. भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात १२ इंची स्पीकर मोठ्याने वाजवून त्यापुढे माइक ठेवणे शक्य नसते, आणि गणेशोत्सवाआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी माइकने काही टिपण्याचा विचारही सोडून द्यावा लागतो.

हार्डवेअर आणि आयआर यांना परस्परविरोधी मानणे ही या संदेशाची मूळ चूक आहे. आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, ही कॅबिनेट, त्यातला स्पीकर, समोरचा माइक आणि माइकची जागा या सर्वांनी मिळून आवाजावर केलेल्या संस्काराची नोंद असते. जुन्या अॅनालॉग पेट्या हेच काम फिल्टर सर्किटने ढोबळपणे करत. आज मिळणाऱ्या बहुतेक डिजिटल पेट्या मात्र आतमध्ये आयआरच चालवतात. तीच फाइल, त्याच लांबीची, पेटीत आणि नॅडआयआरसारख्या मोफत प्लगइनमध्ये लोड करावी, दोन्हींची पातळी काटेकोरपणे समान करावी आणि मग ऐकावे. पातळी समान करणे फार महत्त्वाचे आहे, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमीच अधिक चांगला वाटतो, आणि अनेकांची पसंती तेवढ्यावरच ठरून जाते.

फोटोच्या उपमेत अर्धे सत्य आहे. आयआर केवळ रेषीय वर्तन टिपते, म्हणजे आवाज लहान असो वा मोठा, संस्कार सारखाच धरते. स्पीकर जोरात वाजताना त्याचा कोन (कागदी शंकू) आवाजात जे कॉम्प्रेशन आणि जी विकृती निर्माण करतो, ती तिच्यात येत नाहीत. काही महागड्या यंत्रांत त्यासाठी वेगळे मॉडेलिंग असते. परंतु आवाजात याहून कितीतरी मोठा फरक माइकच्या जागेने पडतो: एसएम५७ हा माइक कोनच्या मध्यावरून कडेकडे दोन इंच सरकवला की तोच स्पीकर ओळखू येत नाही. म्हणून पेटी बदलण्याआधी आयआर बदलून पाहावी. गिटारचा कोरा डीआय ट्रॅक (कोणताही संस्कार न केलेला थेट सिग्नल) सोबत रेकॉर्ड करून ठेवला, तर ही निवड महिन्यानेही करता येते.

लांबीचा दावा हिशोबाने सुटतो. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पल म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंद. जवळून माइक लावलेल्या कॅबिनेटचे बहुतेक सारे वैशिष्ट्य एवढ्यात येऊन जाते. पुढे उरते ती मुख्यतः त्या खोलीची घुमार, आणि ती हवीच असेल तर वेगळ्या रिव्हर्बने देणे सोयीचे.

उशिराचेही तसेच. १२८ सॅम्पलचा बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, जाता-येता आणि कन्व्हर्टर धरून एकूण ८ मिलिसेकंद झाले, तरी तो उशीर अॅम्पपासून नऊ फुटांवर उभे राहून वाजवण्याइतकाच असतो.

शेवटचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. ट्यूब अॅम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला सतत भार लागतो. स्पीकर काढून ती वायर भार नसलेल्या पेटीत लावली, तर वाजवताना ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज प्रचंड चढू शकते आणि ट्यूब किंवा ट्रान्सफॉर्मरच जळू शकतो. शिवाय लाइन पातळीसाठी, म्हणजे स्पीकरपेक्षा खूप कमकुवत सिग्नलसाठी, बनलेल्या इनपुटमध्ये स्पीकरचा सिग्नल गेला, तर ती पेटीही जाते. कॅब सिम्युलेटर आणि लोड बॉक्स (स्पीकरऐवजी भार देणारी पेटी) ही दोन वेगळी कामे आहेत; टू नोट्सच्या कॅप्टर एक्ससारख्या काही यंत्रांत ती एकत्र असतात, पेडलच्या आकाराच्या अनेक यंत्रांत नसतात. ट्यूब अॅम्प असलेल्याने पैसे प्रथम लोड बॉक्सवर खर्च करावेत, शक्यतो रिअॅक्टिव्ह, कारण खऱ्या स्पीकरप्रमाणे त्याचा इम्पिडन्स (विद्युत अवरोध) वारंवारतेनुसार बदलतो आणि अॅम्प बोटांना ओळखीचा वाटतो. मॉडेलर (अॅम्पची डिजिटल नक्कल करणारे यंत्र) किंवा प्लगइन वापरणाऱ्याला लोड बॉक्स लागत नाही. संदेश पुढे पाठवायचाच असेल, तर त्यातले स्पीकर सोडवण्याचे वाक्य काढून टाकावे, आणि ज्यांनी तो आधीच वाचला आहे त्यांनी अॅम्प सुरू करण्यापूर्वी मागच्या बाजूला लिहिलेले ओहम आणि लोड बॉक्सवरचे ओहम जुळतात का, हे पाहावे.