लाल गोळीने बाळ काळं होत नाही

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश मला चार वेगवेगळ्या घरांतून आला : 'गरोदर भगिनींनो, सरकारी लाल गोळ्या घेऊ नका.' म्हणजे रक्तवाढीसाठी मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. का, तर त्या गरम पडतात आणि बाळ काळं जन्मतं. बाळ पोटात फार मोठं होतं, मग सिझर करावं लागतं. आणि रोज बीट, डाळिंब, गूळ, खारीक खाल्लं की रक्त आपोआप वाढतं. वर केशराचं दूध प्यायचं, म्हणजे बाळ गोरं. मी उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका म्हणून बावीस वर्षं काढली. तांदळाच्या डब्यामागे दडवलेली, एकही गोळी न काढलेली पाकिटं पाहिली आहेत, म्हणून लिहिते आहे.

आधी रंगाचं. बाळाचा रंग कातडीतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यावर ठरतो आणि ते किती तयार होणार हे आईवडिलांकडून येतं. लोहाचं काम रक्तात, हिमोग्लोबिन बनवण्याचं. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही, केशराचाही नाही. गोळीने काळी होते ती आईची शी, कारण सगळं लोह अंगी लागत नाही, उरलेलं बाहेर पडतं. मला वाटतं, या समजाचं मूळ तिथेच असावं. आणि सावळं बाळ झालं तर बिघडलं काय? अडीच किलोच्या वर भरलेलं, जन्मताच रडणारं, छातीला घट्ट धरणारं सावळं बाळ मी शेकड्यांनी हातात घेतलं आहे. त्याहून सुंदर मला काही दिसलेलं नाही.

बाळ मोठं होतं, हे तर उलटंच सांगितलंय. आईच्या अंगात रक्त कमी असेल तर बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं जन्मण्याचा धोका वाढतो. बाळ अवाजवी मोठं होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे गरोदरपणात वाढलेली साखर. म्हणून तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. ती तपासणी चुकवू नका. ज्या बाईची साखर वाढली आहे तिला हा संदेश रोज गूळ-खारीक खायला सांगतो, याचा मला खरोखर राग येतो.

आता डाळिंब. खा, जरूर खा. पण १०० ग्रॅम डाळिंबात १ मिलिग्रॅमही लोह नसतं, बीटमध्येही नसतं. रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं होत नाही. गरोदरपणात आईचं रक्त जवळजवळ दीडपट होतं, बाळाला आणि वारेलाही लोह लागतं. नऊ महिन्यांचा सगळा हिशेब साधारण १००० मिलिग्रॅमवर जातो. एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, सोबत फॉलिक ॲसिड. मोड आलेली मटकी, पालेभाजी, नाचणी, अंडी, मटण हे ताटात हवंच, भाजीवर लिंबू पिळलं तर अधिक चांगलं. पण ते गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.

एक रात्र विसरत नाही. पहिलटकरीण, हिमोग्लोबिन ६, म्हणजे फारच कमी. बाळंतपणात रक्त जायला लागलं तेव्हा तिच्याकडे गमवायला काही शिल्लकच नव्हतं. ११ असलेली बाई अर्धा लिटर रक्त गेलं तरी बहुतेक वेळा सावरते, ६ वाली कोसळते. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्यावर ती वाचली. बाहेर सासूबाई रडत मला म्हणाल्या, "बाई, रोज डाळिंब सोलून देत होते हो मी." खोटं बोलत नव्हत्या. माया होती, माहिती चुकीची मिळाली होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय, म्हणजे अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं, म्हणजे ही एका घरातली गोष्ट नाही.

गोळीचा त्रास होतो, हे मात्र खरं आहे. मळमळतं, पोटात जळजळतं, शौचाला कडक होते. तेवढ्यासाठी गोळी बंद करू नका, वेळ बदला. रात्री जेवणानंतर, लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा किंवा दुधासोबत नको, आणि कॅल्शियमच्या गोळीत व तिच्यात निदान दोन तासांचं अंतर ठेवा. पाणी, ताक, भाज्या वाढवा. तरीही सोसत नसेल तर दवाखान्यात सांगा, दुसरी गोळी मिळते, गरज पडली तर सलाईनमधून लोह देता येतं. सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर गोळी किती घ्यायची ते डॉक्टरांनीच ठरवायचं. गडचिरोली-नंदुरबारकडे सिकलसेल जास्त आढळतो, तिकडच्या बायकांनी त्याची तपासणी आधी करून घ्यावी.

चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, याबद्दल तर त्या संदेशात एक शब्दही नाही. डब्यामागे पाकीट पडलं असेल तर मुदत बघून घ्या. संपली असेल तर आशाताईंकडून नवीन मागा, पैसे पडत नाहीत.