माहिती मिळू नये म्हणून अर्ज कसा करावा

आजोबांच्या जमिनीतले सोळा गुंठे चुलत्याच्या नावावर कधी आणि कसे गेले, हे तहसील कचेरीतून खरोखरच काढायचं असेल, तर पुढचं वाचू नका. कळून करणार काय? भाऊबंदकीच ना? त्यापेक्षा अर्ज असा करावा की कागदही हाती लागू नये आणि सरकारला शिव्या घालायचा हक्कही शाबूत राहावा. मी यात चौदा महिने काढलेत, तेव्हा हे अनुभवाचे बोल.

सुरुवात करुण रसाने करावी. माहितीच्या अधिकाराचं कलम ६(२) सांगतं की माहिती कशासाठी हवी हे अर्जदाराने सांगायची गरज नाही. म्हणजे ते सांगायचंच. ‘आजोबा अंगठाबहाद्दर होते, चुलत्यांनी डाव साधला, आईने शेवटपर्यंत ध्यास घेतला होता...’ महाराष्ट्राच्या नियमांत अर्जाला एक विषय आणि दीडशे शब्द अशी मर्यादा आहे. आईपर्यंत येताच दीडशे संपतात. चार शब्द उरलेच, तर विचारावं, ‘आजोबांचं नाव का काढलं?’ जनमाहिती अधिकाऱ्याला ‘का’ फार आवडतो. त्याने द्यायचं ते कपाटात आहे तेवढंच, आणि ‘का’ कुठल्याच कपाटात ठेवलेला नसतो. ‘आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही,’ असं एका ओळीत उत्तर येतं. जावक क्रमांक मात्र ठसठशीत.

चुकूनही असं लिहू नका: मौजे अमुक, गट नंबर तमुक, फेरफाराचा म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचा क्रमांक इतका, गाव नमुना सहा या फेरफार वहीतली नोंद आणि सोबतच्या कागदांच्या छायांकित प्रती. असा अर्ज फेटाळायला कारकुनाला काहीतरी नवं सुचावं लागतं, आणि त्या बिचाऱ्याला आधीच काय कमी कामं आहेत? फेरफाराचा नंबर जुन्या सातबाऱ्यावर नावापाशी छोट्या वर्तुळात लिहिलेला असतो. तिकडे बघूच नका. ‘१९५० पासून आजतागायतची सर्व माहिती’ मागा. ‘सर्व’ म्हटलं की कलम ७(९) खडबडून जागं होतं: एवढं देण्यात कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडेल. ते कलम माहिती कोणत्या स्वरूपात द्यावी एवढ्यापुरतंच आहे, नकार द्यायला नाही, असले बारकावे वकिलांसाठी सोडून द्या.

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलात की अर्ज विश्वासाने द्यावा. ‘साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा’ असं म्हटलं तर ठेवून यावं. पोच मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख पडली की तीस दिवस मोजता येतात, आणि मोजणाऱ्याला सुखाची झोप लागत नाही. पहिला अर्ज मी असाच ठेवून आलो होतो. तो आजही कुठल्या तरी ट्रेमध्ये सुखी असावा.

अर्ज फिरता ठेवणंही उत्तम. चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा, असं कलम ६(३) म्हणतं. माझा दुसरा अर्ज तहसीलमधून भूमी अभिलेखला गेला, तिथून तलाठ्याकडे, आणि ‘सदर अभिलेख तहसील कार्यालयात जमा आहे’ असा शेरा घेऊन माहेरी परतला. केंद्राचा कायदा २००५ चा, पण महाराष्ट्राने आपला स्वतःचा कायदा २००२ मध्येच केला होता. टोलवाटोलवीत आपण देशाच्या तीन वर्षं पुढे आहोत ते उगाच नाही.

पहिलं अपील करायचं ते नात्यागोत्याच्या भावनेने करावं. अपिलीय अधिकारी बहुधा त्याच इमारतीत, शेजारच्या केबिनमध्ये बसतात. ज्याच्याविरुद्ध अपील, तो त्यांच्याच हाताखालचा. सुनावणीला मला चहा मिळाला, बाकी काही नाही म्हटलं तरी चालेल. दुसरं अपील नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे. तिथली तारीख येईपर्यंत चुलतेही थकलेले असतात, त्यामुळे वैर आपोआप निवळतं.

दंडाची भीती घालू नका, शोभत नाही. उशिराबद्दल अधिकाऱ्याला रोज अडीचशे रुपये, जास्तीत जास्त पंचवीस हजार. हिशेब करून पाहा: शंभर दिवसांत दंड संपतो, एकशेएकाव्या दिवसापासूनचा उशीर बिनपैशाचा. तुमचाही फायदाच आहे म्हणा, कारण मुदत टळल्यावर माहिती फुकट द्यावी लागते. पानामागे दोन रुपये वाचले!

आणि सोमवारी दुपारी कचेरीत फिरकू नका. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने एक घोळ करून ठेवलाय. जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी तीन ते पाच या वेळात नागरिकाला अभिलेख पाहता येतात. त्याची पाटी आमच्या तहसील कचेरीत लावलेली होती, फक्त कपाटाच्या मागे. मी तिथे गेलो तो पंखा दिसला म्हणून. तिसऱ्या अपिलाची सोय कायद्यात नाही, आणि बाहेर मे महिना होता.

अभिलेख कक्षातले भाऊसाहेब निवृत्तीला आलेले. मागे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, प्रत्येकावर गावाचं नाव. मी आईच्या ध्यासापासून सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं. ‘फेरफार नंबर?’ मी घडीचा सातबारा उलगडला, वर्तुळातला आकडा वाचला. ते स्टुलावर चढले, गाठ सोडली, धूळ फुंकली, चष्मा पुसला आणि पान समोर ठेवलं. पुरती बारा मिनिटंही लागली नाहीत.

वाटपाची नोंद होती. चुलत्याच्या नावावर सोळा गुंठे, कारण विहिरीकडचा तुकडा आमच्याकडे आला होता. खाली हितसंबंधितांच्या सह्या. त्यात एक माझ्या वडिलांची, नेहमीसारखी शेवटच्या अक्षराला शेपूट काढलेली.

मी दोन पानांचे चार रुपये भरले. नक्कल पिशवीत घालत होतो तेवढ्यात भाऊसाहेब स्टूल सरकवून जवळ आले. आवाज खाली. ‘तुम्ही त्या अर्जांवाले ना? माझंही एक करून द्याल? नव्वद साली मी ज्या कचेरीत होतो तिथून माझं सेवापुस्तक काही सापडत नाही. पेन्शन अडकलीय.’

मी कोरा कागद काढला. भाऊसाहेब खुर्चीत नीट बसले, डोळे मिटले आणि सांगू लागले, ‘लिहा. मी गेली चौतीस वर्षं इमानेइतबारे सेवा केली, हिची तब्येत बरी नसते, तरीही कधी...’

‘भाऊसाहेब,’ मी म्हटलं, ‘दीडशेच शब्द आहेत.’