'घरी नेऊ शकता' म्हणजे नेमकं काय करायचं?

डिस्चार्ज म्हटलं की पेशंटचा चेहरा खुलतो आणि त्याच्या शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पोटात गोळा येतो. कारण कालपर्यंत तीन शिफ्टमध्ये, शिकलेल्या लोकांनी, चार्टवर वेळा टाकून केलेलं सगळं काम आता एका माणसाच्या गळ्यात पडणार असतं. त्या माणसाने आठवडाभर धड पाठ टेकलेली नसते. आणि हे काम सोपवायला किती वेळ दिला जातो? दहा मिनिटं. इथे सही करा, या गोळ्या, पुढच्या आठवड्यात दाखवायला या. झालं!

संताप येतो तो सर्वात आधी त्या गोळ्यांच्या कागदावर. त्यात नवीन औषधं ठळक लिहिलेली असतात. घरी आधीपासून चालू असलेल्या औषधांचं काय करायचं, याबद्दल चकार शब्द नसतो. त्या कागदाला चार रकाने हवेत: नवीन, डोस बदललेली, कायमची बंद आणि तात्पुरती थांबवलेली. हा शेवटचा रकाना नसल्यामुळे लोक पुन्हा अॅडमिट होतात. किडनी कमजोर असताना डाय (स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) देऊन सीटी स्कॅन केला की मेटफॉर्मिन ही डायबिटिसची गोळी थांबवतात आणि 48 तासांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी, बघून पुन्हा सुरू करतात. पण ते क्रिएटिनिन कोण बघणार, कधी बघणार, सुरू करा असं कोण सांगणार? कागद गप्प. रक्त पातळ करणारी गोळी प्रोसिजरसाठी बंद केलेली असते. पुन्हा सुरू करायची तारीख लिहिली नाही तर गुठळीचा धोका. घरातली जुनी पट्टी आणि नवी पट्टी एकच औषध असून नावं वेगळी असली तर दुप्पट डोस आणि रक्तस्राव. हा 'पेशंटचा निष्काळजीपणा' नव्हे. एका औषधाला दोन कंपन्यांची दोन नावं असतात, हे घरच्या माणसाने गोळीच्या रंगावरून ओळखायचं का?

स्टेरॉइडचंही तेच. तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम सोडलं तर शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, लगेच बनवू शकत नाही. उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, माणूस उठून बसू शकत नाही. म्हणून 'हळूहळू कमी करा' हे वाक्य लिहिणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे. कुठल्या तारखेपासून किती मिलिग्रॅम, हे तारीखवार लिहून द्या. आणि दवाखान्यात पोटाला त्रास नको म्हणून किंवा रात्री झोप लागावी म्हणून सुरू केलेल्या गोळ्या कधी थांबवायच्या, तेही लिहा. नाहीतर त्या वर्षानुवर्षं चालू राहतात आणि कोणी विचारतही नाही.

यावर उपाय एकच, आणि तो डिस्चार्जच्या आदल्या दिवशी करायचा. घरातली सगळी औषधं, अर्धवट पट्ट्यांसकट, एका पिशवीत भरून वॉर्डात न्यायची. सिस्टर किंवा फार्मासिस्टसमोर एकेक पट्टी ठेवून विचारायचं: चालू, बंद की थांबलेली? पट्टीवर लहान अक्षरात असलेलं मूळ औषधाचं नाव कागदाशी ताडून बघायचं. बंद असलेल्या पट्ट्या वेगळ्या पिशवीत. हे होईपर्यंत सही करू नका. घाई बेडची असते, तुमची नसते.

दुसरं वाक्य, ज्याची चीड येते: 'काही वाटलं तर फोन करा.' काही म्हणजे काय? आणि फोन कुठे? रिसेप्शनचा नंबर रात्री दोनला वाजत राहतो. घरच्या माणसाला आकडे हवेत, धीर नको. कीमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वात खाली असतात. त्या काळात 100.4 फॅरनहाइट ताप तासभर टिकला किंवा एकदाच 101 दिसला, तर सकाळची वाट बघायची नसते. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, कारण लढायला पेशीच नसल्याने संसर्ग काही तासांत रक्तात पसरतो. ताप मोजण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, आकडा झाकला जातो. इमर्जन्सीत गेल्यावर पहिलं वाक्य 'ताप आलाय' हे नको, तेवढ्यावर रांगेत बसवतात. 'कीमो अमुक तारखेला झाली आहे, ताप एवढा आहे, पेशी कमी असतील' असं बोला. हे घरी नेताना कुणीतरी सांगायला नको होतं का? हृदय कमजोर असलेल्या पेशंटच्या जोडीदाराला रोज सकाळी वजन करायला सांगतात. पण लघवी करून, काही खाण्याआधी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत, हे सांगत नाहीत. एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी असतं आणि त्याच दिवशी फोन करायचा असतो, हेही नाही. मग दम लागेपर्यंत लोक थांबतात, आणि वर ऐकून घ्यावं लागतं, 'इतका उशीर का केला?'

मॉर्फिनसारखं वेदनाशामक दिलं की पोट साफ होण्याचं औषध त्याच दिवसापासून लागतं. पाच दिवस पोट साफ न होता कळवळून परत आल्यावर नव्हे.

आता उचलण्याबद्दल. 'सांभाळून न्या' ही सूचना नाही! बेडवरून खुर्चीत बसवायचं कसं, हे एकदा समोर करून दाखवायला पाच मिनिटं लागतात, आणि तीही दिली जात नाहीत. मग लोक काखेत हात घालून ओढतात. पेशंटचा खांदा निखळतो, जोडीदाराची कंबर जाते, आणि घरात दोन आजारी. व्हीलचेअर पेशंटच्या ताकदीच्या बाजूला, बेडला थोडी तिरकी लावायची. दोन्ही ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला वळवायच्या. आधी पाय खाली सोडून बेडच्या कडेला एक-दोन मिनिटं बसू द्यायचं, कारण बरेच दिवस पडून राहिलेल्या माणसाचा रक्तदाब उठताच घसरतो आणि तो तुमच्या अंगावर कोसळतो. पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, स्वतःचे गुडघे वाकवायचे, त्याला पुढे झुकवायचं आणि मग 'तीन'ला दोघांनी मिळून उठायचं. अंथरुणातच असलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, टाचा गादीला टेकू न देता पोटऱ्यांखाली उशी ठेवायची. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकणारी. दंडात पिक लाइन (औषधं द्यायला शिरेत घातलेली लांब नळी) असेल तर त्या हातावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही आणि ती फ्लश करायला, म्हणजे आतून धुवायला, 10 मिलीची सिरिंज वापरायची. लहान सिरिंजचा दाब जास्त पडतो, लाइन फुटू शकते. एवढं शिकवायला कुठलं महागडं मशीन लागतं?

आणि पुन्हा अॅडमिट झाल्यावर? पहिल्यापासून सुरू. इमर्जन्सीत एकदा, वॉर्डात एकदा, रात्रीच्या डॉक्टरांना एकदा, सकाळच्या डॉक्टरांना एकदा. तोच आजार, तीच ऑपरेशनं, तीच अॅलर्जी. घडी घातलेला एक कागद कायम जवळ ठेवा: निदान, ऑपरेशनांच्या तारखा, अॅलर्जी आणि त्यात नेमकं काय झालं होतं, आजची औषधं डोससकट, शेवटचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन, कुठल्या डॉक्टरांकडे काय चालू आहे. फोटोकॉपी द्या, मूळ कागद सोडू नका. ज्याच्याकडे संपूर्ण माहिती आहे तो माणूस बेडशेजारी बसलेला असतो. राऊंड मात्र नेमका तो तोंड धुवायला गेल्यावर होतो, आणि मग 'डॉक्टर येऊन गेले' एवढंच कळतं. राऊंडची वेळ मिनिटावर सांगू नका, पण 'दहा ते बारा' एवढं सांगणं कुणाला जड आहे? उपाशी ठेवण्याचंही तसंच. भूल द्यायच्या आधी बहुतेक वेळा अन्न सहा तास आणि नुसतं पाणी दोन तास बंद पुरतं. तरी आदल्या रात्रीपासून घोटभर पाणीही मिळत नाही, दुपारी कळतं प्रोसिजर उद्यावर गेली. जेवणाचा ट्रे तोवर परत गेलेला असतो. तेव्हा विचारा, आणि ठामपणे विचारा: पाणी किती वाजेपर्यंत चालेल?

हे सगळं करून दमलेल्या माणसाला निघताना सांगतात, 'तुम्ही स्वतःची काळजी घ्या हं.' कधी? त्यापेक्षा त्या तीस सेकंदांत रात्री उचलला जाईल असा एक नंबर कागदावर लिहा. आणि डिस्चार्जच्या वेळी कुठले रिपोर्ट यायचे बाकी आहेत, तेही लिहा. ब्लड कल्चर (रक्तात कुठले जंतू आहेत याची तपासणी) आणि कुठलं अँटिबायोटिक लागू पडेल याचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर पेशंट घरी गेलेला असतो, कदाचित चुकीच्या गोळीवर. तो रिपोर्ट बघून फोन करणं कुणाचं काम, हे ठरलेलं नसेल तर कुणीच करत नाही. म्हणून तिसऱ्या दिवशी तुम्हीच फोन लावा, रजिस्ट्रेशन नंबर सांगा, कल्चरमध्ये काय आलं आणि चालू औषध त्याला लागू पडतं का, हे विचारा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहून घ्या.