आडनाव काय तुमचं?

सावंतवाडीच्या लॉजवर काउंटरवरच्या मुलाने माझा पासपोर्ट घेतला आणि तो फॉर्म सी भरायला बसला. परदेशी पाहुणा आला की भरावाच लागतो, त्याची काही चूक नाही. भरता भरता म्हणाला, "मराठी छान बोलता की! कुठे शिकलात?" कौतुकच होतं ते, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

मॉरिशसमध्ये आमच्या घरी आजी रोज मराठीत आरती म्हणायची. गणेश चतुर्थीला आमच्याकडे देशभर सुट्टी असते, आम्ही अजून झाकरी नाचतो. उंबऱ्याबाहेर क्रिओल, हे खरं. आता माझ्या मुलांची तर उंबऱ्याच्या आतही क्रिओलच. म्हणून तर आलो होतो.

मॉरिशसमधल्या मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या मजुरांची, जुनी रजिस्टरं आहेत. १८५० च्या दशकात मुंबईहून जहाजात बसलेल्या माझ्या खापरपणजोबांची ओळ मला तिथे सापडली. क्रमांक, बापाचं नाव, गाव, उंची, कपाळावरचा व्रण. आडनाव नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव हेच पुढे आमचं आडनाव झालं.

आणि गावात पहिला प्रश्न तोच, "आडनाव काय तुमचं?"

पडवीत बसवलं, चहा दिला, माझ्यासाठी घराघरांतून विचारून आले. सावंत असतील, परब असतील, गावडे? शेवटी एक आजोबा म्हणाले, "आमच्यातलो कोण तेवढो लांब गेल्लो, असा कधी आयकाक नाय."

आम्ही दर २ नोव्हेंबरला आप्रवासी घाटावर, जिथे ते मजूर जहाजातून उतरले त्या धक्क्यावर, जाऊन त्या माणसांसाठी डोळे पुसतो. इथे त्यांच्या जाण्याची कुणाला खबरही नाही. खापरपणजोबांची आई बघत असेल वाट. ती गेली, तिच्याबरोबर ते वाट बघणंही गेलं. गावाला मी दोष कसा देऊ? तरी वाईट वाटलंच, आणि अजून वाटतं. माझ्या मराठीला शाबासकी नको होती मला. कपाळावर व्रण असलेल्या त्या पोराबद्दल कुणीतरी काही सांगायला हवं होतं.

निघताना आजोबांनी रवळनाथाच्या देवळात नेलं. नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला सुरुवात झाली, आणि कुळाच्या नावाशी अडलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खापरपणजोबांचं नाव सांगितलं, तेवढंच होतं माझ्याकडे.

त्यांनी ते नाव मोठ्याने घेतलं. मागे उभी असलेली चार माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा."