वनराज भाटिया आणि 'मंथन'च्या गाण्याआड राहिलेलं बरंच काही

वनराज भाटियांचं नाव काढलं की दोनच गोष्टी हटकून निघतात. एक, 'मंथन'मधलं प्रीती सागरचं गाणं, आणि तेही चित्रपटापेक्षा दुधाच्या जाहिरातीमुळे लक्षात राहिलेलं. दुसरी, 'हां हां, ते श्याम बेनेगलांचे संगीतकार ना?' दोन्ही खरं आहे. पण एवढ्यावर हा माणूस आटोपला जातो, याचा मला मनापासून राग येतो. भाटियांचं सगळ्यात भारी काम गाण्यांत नाहीच, असं माझं स्पष्ट मत आहे. ते आपल्या सगळ्यांच्या कानांवरून गेलंय, काही तर तोंडपाठ आहे. फक्त ते 'भाटियांचं' म्हणून कुणी ऐकलेलं नाही.

याला थोडे आपले कानही जबाबदार आहेत. आपण नाट्यसंगीत, भावगीत, अभंग यांवर वाढलेली माणसं. चाल कुठाय, मुखडा कुठाय, सम कुठे येते, हे आपण आधी शोधतो. एक सूर, त्याच्यामागे साथ, ही आपली सवय. त्यात वाईट काही नाही. पण एकाच वेळी तीन-चार स्वतंत्र सुरावटी चालल्यात, एकमेकींना अडवतायत, पुढे ढकलतायत, अशा संगीतात आपल्याला 'चाल' सापडत नाही आणि आपण 'बॅकग्राउंड म्युझिक चांगलं होतं' म्हणून मोकळे होतो. भाटियांचं खरं बळ नेमकं तिथे होतं.

ते यायचं कारणही होतं. जन्म मुंबईचा, 1927 सालचा. लहानपणी देवधर मास्तरांच्या संगीत विद्यालयात शिकले, म्हणजे जिथे कुमार गंधर्व घडले तिथेच. पुढे लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गेले आणि मग पॅरिसला संगीतशिक्षिका नादिया बूलांजे यांच्याकडे. या बाईंच्या हाताखालून कोणकोणते नामवंत संगीतकार गेलेत बघा: एरन कोपलंड, आस्तोर पियाझोला, फिलिप ग्लास. तिथे काउंटरपॉइंट, म्हणजे स्वतंत्र सुरावटी एकमेकींत गुंफायचं तंत्र, घासून घेतलेला हा माणूस 1959 साली परत आला. ज्या देशात फ्यूग, म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाजांनी उचलत गुंफलेली रचना, ऐकायला श्रोता नाही, तिथे फ्यूग लिहिता येणारा माणूस! पुढे काही वर्षं दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं, आणि पोटापाण्यासाठी जाहिराती केल्या. पहिली जिंगल शक्ती सिल्क मिल्सची. पुढे हा आकडा 7000च्या वर गेला म्हणतात. धबधब्याखाली भिजणारी लिरिलची मुलगी आठवते? ते 'ला ला ला' भाटियांचं, आवाज पुन्हा प्रीती सागरचा. शब्द जवळजवळ नाहीतच, आणि सगळ्या देशाला पाठ. संगीतकाराचं नाव विचारा, शंभरातला एक सांगेल.

आता 'भारत एक खोज' घ्या. 1988 सालची, 53 भागांची मालिका. तिचं शीर्षकगीत माझ्या वयाच्या कुणालाही अर्ध्या झोपेतसुद्धा ओळखता येईल. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त, आणि पुढे वसंत देवांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद. हो, आपले वसंत देव. पुन्हा एकदा नीट, हेडफोन लावून ऐका. 'नासदासीन्नो सदासीत्तदानीं' कुणी एक गायक गात नाही. समूह गातो. आणि तो आपल्याकडच्या कोरससारखा, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकच ओळ मोठ्याने म्हणायची, असा समूह नाही. वेगवेगळ्या उंचीवरचे आवाज एकावर एक रचलेत. सुरुवातीला मंत्रपठणाचा भास होतो, मग खालून एक थर येतो, वरून दुसरा, आणि बघता बघता ते चर्चमधल्या संगीताइतकं भरीव होतं. तरीही ते परकं वाटत नाही. सृष्टीच्या आधी काय होतं, कुणाला ठाऊक, असा प्रश्न विचारणाऱ्या सूक्ताला एकट्या गायकाचा आवाज पुरलाच नसता. हे भाटियांना कळलं, आणि कळलेलं कागदावर उतरवायचं शिक्षणही त्यांच्याकडे होतं.

ही युक्ती त्यांना मालिकेसाठी अचानक सुचली असंही नाही. मुंबईच्या परांज्योती कॉयरसाठी, म्हणजे गायकवृंदासाठी, त्यांनी संस्कृत श्लोकांवर समूहगानं लिहिली आहेत. गीतेतलं 'वासांसि जीर्णानि' कॉयरसाठी बांधायचं म्हणजे काय, ज्यांना कल्पना येईल त्यांना येईल. आपल्याकडे गीतेचा श्लोक एकतर पठणाच्या सुरात येतो नाहीतर भक्तिगीताच्या. या रचना मैफलीच्या म्हणून चित्रपटवाल्यांनी ऐकल्या नाहीत, आणि रचणारा चित्रपटवाला म्हणून मैफलवाल्यांनी त्याला आपलं म्हटलं नाही. माझ्या मते त्यांच्या आयुष्याची सगळ्यात मोठी गफलत ही होती.

'तमस'. गोविंद निहलानींनी भीष्म साहनींच्या कादंबरीवरून केलेली, 1988 सालीच दूरदर्शनवर आलेली. याच्या संगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग दुर्लक्षित कसं, असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच सांगतो. पुरस्कार मिळणं वेगळं आणि लोकांनी त्यावर बोलणं वेगळं. 'तमस'बद्दल शेकडो पानं लिहिली गेली: फाळणीबद्दल, ओम पुरीच्या नत्थूबद्दल, प्रक्षेपणावरून झालेल्या वादाबद्दल, कोर्टाबद्दल. संगीताबद्दल त्यात शोधून एखादी ओळ सापडते. आणि ती शीर्षकातली 'रब्बा'ची आर्त हाक! तिला गाणं म्हणायचं की आक्रोश, मला आजही ठरवता येत नाही. पुढे सगळी हिंसा होते, जळतं, पळतात, विहिरीत उड्या पडतात, आणि भाटिया तिथे व्हायोलिनांचा पूर लोटत नाहीत. आपल्या टीव्हीवर दुःख म्हणजे सारंगी हा नियम झाला होता, त्या काळातली ही गोष्ट आहे.

अपर्णा सेनचा '36 चौरंगी लेन' हाही असाच. कलकत्त्यात एकटी राहणारी अँग्लो-इंडियन शिक्षिका, जेनिफर केंडलनी केलेली. या बाईचं मन ज्या संगीतात राहतं ते पाश्चात्त्यच असणार, आणि आपल्याकडे असं पात्र आलं की संगीतकार दोन-चार विलायती तुकडे चिकटवून वेळ मारून नेतो. भाटियांना चिकटवायची गरज नव्हती, ती त्यांची मातृभाषा असल्यासारखी होती. म्हणून ती बाई पाहुणी वाटत नाही.

आता माझं लाडकं प्रकरण, ज्यावर माझे समांतर सिनेमावाले मित्र नाकं मुरडतात. 'अजूबा', 'दामिनी', 'परदेस'. या चित्रपटांचं पार्श्वसंगीत कुणाचं? भाटियांचं! गाणी लक्ष्मीकांत-प्यारेलाल, नदीम-श्रवण यांची, आणि गाण्यांच्या मधलं सगळं भाटियांचं. 'दामिनी' बघताना सनी देओलच्या 'तारीख पे तारीख'वर टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की यामागे बूलांजेबाईंचा शिष्य बसलाय? 'दामिनी'चे दिग्दर्शक राजकुमार संतोषी 'अर्धसत्य'ला निहलानींचे सहायक होते, तेव्हा हा धागा कुठून आला ते कळतं. 'पैशासाठी केलं असेल' हे मी ऐकलंय. केलं असेल. मग? युरोपातला थोर संगीतकार बाखही पगार घेऊनच लिहायचा. आणि कामात हात राखलेला नाही. मेलोड्रामाला मेलोड्रामाचं माप द्यायचं, तिथे तोरा मिरवायचा नाही, हे कसब फार थोड्या 'गंभीर' संगीतकारांना जमतं.

खरी अडचण आपल्या व्यवसायाच्या रीतीत आहे. श्रेयनामावलीत 'संगीत' म्हणजे गाणी. 'पार्श्वसंगीत' ही वेगळी, बारीक पाटी. रेकॉर्ड निघायची गाण्यांची, कॅसेट गाण्यांची, रेडिओवर लागायची गाणी. पार्श्वसंगीत स्वतंत्र ऐकायला मिळायची सोयच नव्हती, त्यामुळे ज्याचं गाणं गाजलं तो मोठा. भाटियांना या हिशेबात मोजलं की 'मंथन', 'भूमिका', फार तर 'जुनून' आणि 'सरदारी बेगम' उरतात.

'भूमिका'चं नाव आलंच आहे तर एक सांगून टाकतो. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावरचा चित्रपट, म्हणजे अर्धा आपलाच. आजी नातीला शिकवते त्या गाण्याला सरस्वतीबाई राणे आणि त्यांची नात मीना फातर्पेकर यांचे आवाज आहेत. पडद्यावर आजी-नात आणि माइकसमोरही आजी-नात. शिवाय नायिकेचा काळ जसा सरकतो तशी त्या त्या जमान्याची गाणी भाटियांनी नव्याने रचली. नक्कल वाटू नये आणि काळ तर कळावा, ही तारेवरची कसरत आहे. लोक 'तुम्हारे बिन जी ना लगे' गुणगुणतात आणि हा सगळा खटाटोप दिसत नाही. 'त्रिकाल'चं गोव्याचं संगीतही असंच बाजूला पडलं, पण त्यावर कुणा गोंयकारानेच लिहावं. माझी तेवढी तयारी नाही.

उतारवयातही ते लिहीतच होते. गिरीश कर्नाडांच्या 'अग्नी मत्तु मळे' या नाटकावर इंग्रजी ऑपेरा करायला घेतला. त्यातला काही भाग अमेरिकेत सादर झाला. जानेवारी 2019 मध्ये यो-यो मा मुंबईत आला आणि त्याने चेलोवर भाटियांचं 'रेव्हरी' वाजवलं. जगातला पहिल्या रांगेतला चेलोवादक मुंबईच्या माणसाचं मुंबईत वाजवतो, आणि आपल्याकडे किती जणांपर्यंत ही बातमी पोचली? त्याच वर्षी त्यांच्या आजारपणाच्या आणि पैशांच्या चणचणीच्या बातम्या मात्र सगळीकडे पोचल्या. 7 मे 2021 रोजी ते गेले. करोनाची दुसरी लाट होती, रोज कुणीतरी जातच होतं, दोन दिवसांत विषय मागे पडला.

तर एक विनंती. परांज्योती कॉयरच्या जुन्या कार्यक्रमांना गेलेलं किंवा त्यात गायलेलं कुणी माझ्या यादीत असेल, किंवा घरात भाटियांच्या मैफलीच्या रचनांचं ध्वनिमुद्रण पडलेलं असेल, तर खाली लिहा, नाहीतर मेसेज करा. त्यांच्या पियानोच्या 'फँटेसिया अँड फ्यूग'चं चांगलं ध्वनिमुद्रण तर मला हवंच आहे. आणि कृपा करून 'मंथन'च्या गाण्याची लिंक टाकू नका, ती सगळ्यांकडे आहे.