‘सूर्य दिसलाच नाही’ लिहिणाऱ्या सरांना आमच्याकडून उत्तर

सर नमस्कार, मी साताऱ्यातल्या या टेरेस रेस्टॉरंट-बारचा मालक बोलतोय. तुम्ही दोन स्टार देऊन जे लिहिलंय ते रात्री गल्ला मोजताना वाचलं, मग परत वाचलं, मग घरी बायकोला पण वाचून दाखवलं. तुमची संध्याकाळ खराब झाली त्याबद्दल मनापासून सॉरी. पाहुणा नाराज होऊन जिना उतरला की आम्हाला पण वाईट वाटतंच, आम्ही काय मोठी कंपनी नाही.

पण सर एका गोष्टीवर बोलायलाच पाहिजे. तुम्ही लिहिलंय की ‘सनसेट व्ह्यूच्या नावाखाली कॉर्नर टेबल दिलं, मोबाईलवर सूर्यास्त सहा वीसचा दाखवत होता, आम्ही सहा दहाला पोचलो तर सूर्य गायब, ही लोकांची फसवणूक आहे.’ आता सूर्य काय मी लपवून ठेवला होता का? रागावू नका, पण मला खरंच लागलं हे वाक्य.

मोबाईल जी वेळ सांगतो ती सपाट जमीन धरून सांगतो. समुद्रकिनारी ती बरोबर येते, गणपतीपुळ्याला येईल. सातारा खड्ड्यात आहे सर, तिन्ही बाजूला डोंगर. आमच्या गच्चीवर पश्चिमेला तोंड करून उभं राहिलं की समोर यवतेश्वराचा डोंगर, डाव्या हाताला अजिंक्यतारा किल्ला आणि पाठीमागं लांब जरंडेश्वराचा डोंगर. सूर्याला मावळायच्या आधी यवतेश्वराच्या मागं जावं लागतं, त्यामुळं कागदावरच्या वेळेच्या पंधरा वीस मिनिटं आधीच तो आमच्याकडनं दिसेनासा होतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्हणजे सहाच्या आसपास खेळ खल्लास. उन्हाळ्यात तो सरकत सरकत यवतेश्वराच्या उजवीकडं जातो, डिसेंबरात डावीकडं अजिंक्यताऱ्याच्या बाजूला येतो, तेव्हा तर साडेपाच वाजल्यापासनंच माणसं खुर्च्या वळवून बसलेली असतात. हे इथल्या शेंबड्या पोराला माहितीय, बाहेरच्या माणसाला नसणार हे मला मान्य आहे, म्हणूनच तुम्ही दुपारी फोन केला तेव्हा आमच्या पोरानं तुम्हाला ‘साडेपाचपर्यंत या’ असं सांगितलं होतं. बुकिंगच्या वहीत तुमच्या नावापुढं ‘५.३०, ६ जण, कॉर्नर’ असं लिहिलेलं आहे, कधीही येऊन बघा. रिव्ह्यूमध्ये हे साडेपाचचं कुठंच नाही.

आणि गंमत बघा, तुम्ही येत होता कास पठारावरनं. फुलांचा सीझन, सुट्टीचा दिवस, यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग, त्यात अडकलात, होतं असं, आम्हाला कल्पना आहे, आमचा भाजीवाला पण त्या दिवशी उशिरा आला. पण ज्या डोंगरावरनं तुम्ही उतरत होता त्याच डोंगराआड सूर्य जात होता ओ. घाटात वर कुठंतरी गाडी बाजूला लावून पाच मिनिटं थांबला असता तर आमच्यापेक्षा भारी सूर्यास्त फुकटात दिसला असता. धंदा माझा असून मी हे सांगतोय.

बरं, सूर्य गेला म्हणजे सगळं संपलं असं पण नसतं. यवतेश्वराची सावली आधी समर्थ मंदिराकडच्या घरांवर पडते, मग राजवाडा, मग हळूहळू आमच्या पोवई नाक्यापर्यंत येते, आणि सगळं गाव सावलीत गेलं तरी मागं जरंडेश्वराच्या माथ्यावर ऊन राहतं, आधी पिवळं मग गुलाबी. आमचे जुने गिऱ्हाईक मुद्दाम पूर्वेला तोंड करून बसतात. आमच्या वेटरनं तुम्हाला म्हटलं होतं की सर मागं बघा, तेव्हा तुम्ही म्हणालात ‘आम्हाला सनसेट पाहिजे, डोंगर नको’. तो पोरगा जावळीचा आहे, मेढ्याच्या पुढचा, त्याला डोंगर नको म्हटल्यावर काय बोलणार तो. आणि सर, रिव्ह्यूला जो फोटो लावलाय, केशरी आभाळ, खाली डोंगराची काळी कड आणि पुढं बियरचा ग्लास, तो आमच्याच कठड्यावरचा आहे. ग्लासखालचा कोस्टर पण आमचाच दिसतोय. त्याच फोटोखाली ‘व्ह्यू काहीच नाही’ असं लिहिलंय.

‘सिटी व्ह्यू म्हणजे नुसत्या पाण्याच्या टाक्या आणि पत्रे’ हे वाचून हसू पण आलं. टाक्या आहेत, नाही म्हणत नाही, शेजारच्या बिल्डिंगवर निळी ताडपत्री पण आहे, पावसाळ्यानंतर त्यांनी अजून काढली नाही, मी सांगून दमलो. पण मुंबईसारखे टॉवर आणि समुद्र आम्ही कुठनं आणायचे? डावीकडं जो अजिंक्यतारा दिसतो तो शिलाहारांच्या काळातला किल्ला आहे, १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक या साताऱ्यात झाला, ही गादी आहे छत्रपतींची. ‘साताऱ्यात याच्यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हतीच’ हे वाक्य तुम्ही नसतं लिहिलं तर बरं झालं असतं. आम्हाला काय बोलायचं ते बोला, गावाला कशाला मधे आणता.

बिलाचं थोडक्यात सांगतो. ‘जीएसटी लावून वर परत व्हॅट लावला, डबल टॅक्स’ असं तुम्ही लिहिलंय. दारू जीएसटीत येतच नाही सर, त्यामुळं जेवणावर जीएसटी आणि ड्रिंक्सवर व्हॅट अशा दोन वेगळ्या ओळी येतात, एकाच वस्तूवर दोन्ही लागत नाहीत, बिल परत नीट बघा. परमिट रूमचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला, तो आम्ही गोळा करून सरकारला भरतो, आमच्या खिशात एक रुपया राहत नाही. वाईन शॉपचा रेट आणि टेबलावरचा रेट सेम नसतो हे तर सगळ्यांनाच माहिती आहे. तिथं बाटली मिळते, इथं बर्फ, चकणा, लाईट, माणसं, वरनं लायसन फी. सर्व्हिस चार्ज आम्ही लावतच नाही.

आता ‘वेटर उद्धट’. तुमच्या भाच्यानं व्हिस्की मागितली, पोरानं आधार कार्ड बघितलं, वय बावीस. महाराष्ट्रात बियर आणि वाईनला २१ पूर्ण लागतात आणि हार्ड ड्रिंकला २५, हा नियम मी नाही काढलेला. त्यानं बियर चालेल म्हणून सांगितलं त्याच्यावर तुम्ही ‘मालकाला बोलव’ म्हणून आवाज चढवला, शेजारच्या टेबलावर बायका पोरं बसली होती, ती उठून खाली हॉलमध्ये गेली. मी आलो, हात जोडले, सीसीटीव्हीत आहे सगळं. एक्साइजची धाड पडली तर लायसन माझं जातं, तुमच्या भाच्याचं काही जात नाही. त्या पोराला मी रागावलो नाही आणि रागावणार पण नाही. दहाला गाणी बंद केली ती पण नियमानंच, खाली दवाखाना आहे.

मसाला पापड मऊ पडला होता हे बरोबर असेल, परतीच्या पावसाची हवा आणि वरचा वारा, पाच मिनिटात पापड बसतो, किचनला सांगितलंय, त्याचं काहीतरी बघतो आपण. जून ते सप्टेंबर आमची गच्ची जवळजवळ बंदच असते, पाऊस संपला की पहिले दोन महिने हेच आमचे कमाईचे, आणि बरोबर तेव्हा वरती दोन स्टार आणि फसवणूक दिसल्यावर कोण येणार सांगा. परवाच एका ग्रुपनं बुकिंग कॅन्सल केलं, तुमचंच वाचून का ते माहिती नाही, पण फोनवर पहिला प्रश्न हाच होता की सूर्य दिसतो का.

म्हणून आता जिन्यात एक बोर्ड लावतोय, आमच्या गच्चीवरनं सूर्य किती वाजता डोंगराआड जातो त्याचा, दर आठवड्याला बदलायचा, बुकिंगच्या मेसेजमध्ये पण टाकणार. कॉर्नर टेबलाला कापडी छत आणि बाकी पण सुधारणा चालू आहेत, दिवाळीपर्यंत होतील बहुतेक.

परत या असं म्हणतो, जमलं तर आडवारी या, गर्दी नसते, आणि साडेपाचला म्हणजे साडेपाचलाच या. पहिला चकणा माझ्याकडनं. तुमच्यातल्या कुणाची तरी पांढरी पॉवरबँक कॉर्नरच्या खुर्चीखाली सापडलीय, काउंटरला चिठ्ठी लावून ठेवलीय, स्वतः येणार नसाल तर पत्ता पाठवा, कुरिअर करतो.